खराटा

बापसाने चाळीस वर्षं वाडी झाडली.
पहाटे पाचाला, देवळाच्या घंटेआधी,
माडाच्या हिरांचा खराटा घेऊन
चिकूच्या बुंध्यापासून कुंपणापर्यंत,
पडलेली सुई सापडावी अशी.
पाचोळ्याचा ढीग विहिरीपाशी, मग काडी.
धूर गोराईच्या खाडीवर जायचा
आणि गाव म्हणायचं, इंत्रूची वाडी, काय साफ!

खाली माती मात्र तव्याला चिकटलेली.
पाणी घातलं की आत जायचं नाही.
आळ्यात उभं राहायचं
चुकीच्या घरी आलेल्या पाहुण्यासारखं,
मग उताराने निघून जायचं.
चिकू लिंबाएवढे.
युरिया टाकला की पानं चार दिवस हसायची.

मी बोरिवलीला पतपेढीत असते.
सुटल्यावर रस्त्यात रामसमुझचा चरक,
मागे उसाचा चोथा, ओला, माशा बसलेला,
रोज तीन गोण्या, पालिकेच्या गाडीत.
म्हटलं, मला दे.
तो म्हणाला, गाय पाळली का?
म्हटलं, सतरा झाडं.

लाँचवाल्याने गोणीचं तिकीट फाडलं, माणसाएवढंच.
मेल्फाचा रोज हा काय बाजार, म्हणून
गोऱ्या गोऱ्या पर्यटकांनीही नाक धरलं.
रविवारी मी सगळा चोथा पसरला,
बुंध्याला गुंडाळून, जाड, गादी घालावी तसा,
आणि खराटा माळ्यावर टाकला.
बापूस बोलला नाही. जेवला नाही पण.

दीड महिन्यात पानं पिवळी पडली.
तो पायरीवर बसून ती मोजायचा,
मोठ्याने.

म्हशीवाली फिलूमाय आली, चोथ्यात पाय घालून म्हणाली:
अगो, उपाशी माणसाला नुसता कोंडा वाढलास.
हा कुजायला बसला की आधी स्वतः जेवतो,
झाडाच्या ताटातलं नत्र ओढून.
शेण दे सोबत. खळ्यावरची बोंबलांची डोकी दे,
पण धुऊन, नाहीतर माती मीठ धरेल.
आणि खोडाला कशाला चिकटवतेस, कुजेल ते.
दुपारची सावली जिथे संपते
तिथे तोंडं असतात झाडाची.

भाताचं बरं असतं.
दरसाल नांगर फिरतो, चूक उलटी होते.
झाड एकाच जागी बसून जेवतं,
तुम्ही काय वाढलंत ते चाळीस वर्षं लक्षात ठेवतं.

मग सावलीच्या कडेने वर्तुळं.
चोथा, शेण, मासळीचं पाणी, वर त्यांचाच पाचोळा.
एक पाऊस गेला. दुसरा गेला.
तिसऱ्या मे महिन्यात, विहीर तळाला असताना,
मी पाचोळा बाजूला केला
आणि हात मनगटापर्यंत आत गेला.
आत थंड होतं.
पांढरे, केसाहून बारीक धागे
एका मुळाकडून दुसऱ्या मुळाकडे चाललेले,
गांडुळांनी वर टाकलेली काळी शेवई,
आणि एक वास, ज्याला आमच्या घरात शब्द नव्हता
कारण तो इथे कधी आलाच नव्हता.

फळं दुप्पट झाली, असं नाही सांगणार.
दोन झाडं वाळलीच, आधीच गेली होती ती.
उरलेल्या पंधरांचे चिकू अजून तळहातात मावतात,
पण कापले की रेवाळ लागत नाहीत.

बापूस अजून पाचाला उठतो. सवय.
एकदा मी उठून पाहिलं तर
खराटा माळ्यावर नव्हता.
तो गावातल्या पाखाडीत, रेजिनाच्या दारात,
पाद्रीबाबांच्या अंगणात, बंद पडलेल्या बंगल्यापुढे
झाडत होता, सुई सापडावी तसा,
आणि ते सगळं चादरीत बांधून
डोक्यावर घेऊन घरी येत होता.

मी दिसले तेव्हा थांबला.
चादर उतरवली, मान दुसरीकडे.
आंब्याची पानं लवकर कुजत नाहीत, म्हणाला,
ती खाली घाल.

मग, हात झटकत,
आज गोण्या किती आणशील?