निशाणी स्टूल

खुर्ची आधीच कुणीतरी नेली होती.
चिठ्ठी उघडली, स्टूल निघालं.
मढवी सिस्टर हसल्या : बरं झालं,
पाठ टेकायची सवय कुठंय मला.

तेहतीस वर्षं रात्रपाळी केलेली बाई.
घणसोलीतल्या अर्ध्या पोरांच्या नाळा तिच्या कात्रीखालून गेल्या.
आता त्या प्रसूतिगृहाला कुलूप,
व्हरांड्यात महापालिकेच्या कचऱ्याच्या बादल्या, एकात एक,
ओल्याची हिरवी, सुक्याची निळी.
एवढाच मुद्दा आमचा.
जाहीरनामा एका पानाचा, मागची बाजू कोरी,
खर्चाचा हिशेब लिहायला बरी पडली.

कार्यकर्ते पाच. म्हणजे तीन,
शनिवार-रविवारी पाच.
मी महाप्याच्या कंपनीत बिलं करते,
सुटले की सात वाजता सिम्प्लेक्सच्या जिन्यांवर.
समोरच्यांकडे ढोल, फेटे, बिर्याणीची पातेली.
आमच्याकडे यशोधनच्या पिशवीत ग्लुकोजचा पुडा
आणि एक खरंखुरं स्टूल, त्याच्या आत्याच्या स्वयंपाकघरातलं,
एक पाय जरा लंगडा.
ते मी वागवायचे, मजल्यामागून मजले.

दारं उघडायची. बरीचशी साखळीवर.
"मढवी सिस्टर? अहो, हा त्यांच्याच हातावर झालेला!"
हा, म्हणजे मिसरूड फुटलेला, मोबाइलमधून मान न काढणारा.
आणि त्याच दमात :
"पण ताई, येणाऱ्यालाच द्यावं ना मत, वाया का घालवा?"
येणारा.
जणू एसटी आहे, लागेल आपली आपण,
आपण फलाटावर पिशवी धरून उभं राहायचं.

सेक्टर नऊच्या टॉवरला वॉचमननं आत सोडलंच नाही.
पत्रकांचा गठ्ठा त्याच्या रजिस्टरवर ठेवला,
उडू नये म्हणून वर त्याचाच डबा.
"चल गो," सिस्टर म्हणाल्या, "हितं काय नाय."

मतमोजणीला जाळीपलीकडे मी, हातात पेन.
चारशे सात.
अनामत गेली.
अर्ज भरताना हा आकडा कुणी सांगितला असता
तर मी म्हटलं असतं, जास्त सांगताय.
टॉवरच्या बूथवर त्र्याऐंशी.
कोण ते, अजून कळलेलं नाही.
आमच्या बूथवर तीन.

आमच्या घरात चार मतं आहेत.

रात्री जेवताना कुणी काही विचारलं नाही.
बाबांनी पेपरची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.
भाऊ म्हणाला, सिस्टर कशा आहेत?
बऱ्या आहेत. उद्या टॉवरवर चाललोय, आभार मानायला.
"सोडील तो वॉचमन?"
नाही सोडणार, म्हटलं, आणि आमटी वाढून घेतली.

आई म्हणाली, ते स्टूल देऊन टाक आता ज्याचं त्याला.
आणि त्यावरच चढून,
लंगड्या पायाखाली आमचा जाहीरनामा घालून,
तिनं वरच्या फळीवरचं लोणचं काढलं.