हल

या गावाचं नावच हल.
विमानात हसू आलं होतं मला:
हा नांगर म्हणायचा की हुकूम?
आज सहावा दिवस, आणि निहार हलत नाही.
म्हणजे हातपाय झाडतो,
जे हलायला हवं ते सोडून सगळं हलवतो.
लालबुंद होतो, मुठी आवळतो,
गुडघे पोटाशी घेतो,
आणि शेवटी एक वारा. तोही लाजत.

मी बॅग उघडली.
पोलक्यांत गुंडाळून आणलेली सहाण,
कस्टमच्या पोराने उचलून विचारलं होतं, हे काय,
मी म्हटलं, दगड.
पुरचुंडीत हिरडा, मुरुडशेंग, वेखंड, जायफळ.
बार्शीच्या बाजारातला मध, झाकणाला चिकटपट्टी.
मृण्मयी दारात उभी राहून बघत होती.
मला काही बोलली नाही.
फोनवर बोलली, हळू, इंग्रजीत,
आणि दुपारी ब्रेंडा आली.

बुटांना हंबरकाठचा राखाडी चिखल.
बूट दाराशी काढले, हे मला आवडलं.
निहारचं पोट दोन बोटांनी दाबलं,
मी भिजवलेली कणीक बघते तसं.
मऊ आहे, म्हणाली. अंगावर पितो ना?
मग सहा दिवस चालतात.
चालतात!

मग काड्यांकडे वळली. किती देता?
मी सांगितलं, हिरड्याचे दोन वळसे,
मुरुडशेंगेचा एक, जायफळ नुसतं टेकवायचं.
एक वळसा म्हणजे किती मिलिग्रॅम?
तिघींतल्या कुणालाच माहीत नव्हतं.
चौतीस वर्षं रेशनच्या दुकानात तराजू धरला मी,
छटाकभर साखरेवरून भांडणं सोडवली.
गुटी कधी तोलली नाही.

विड्याच्या देठाचं मी बोललेच नाही.
तेलात बुडवून केदारला एकदा लावला होता,
दुपट्यावर रक्ताचा टिपूस आला होता.
सासूबाई म्हणाल्या, मोकळा झाला ना?

मग ती मधापाशी आली.
वर्षाच्या आत नको. बोटभरही नको.
मधात कधी कधी काहीतरी निजलेलं असतं,
मोठ्यांच्या पोटातून निजल्या निजल्या निघून जातं,
तान्ह्याच्या पोटात जागं होतं.
आधी शी थांबते.
मग रडणं बारीक होतं. पापण्या मिटायला लागतात.
मान पडते.

मृण्मयी मराठीत सांगत होती.
'मान' या शब्दानंतरचं मला ऐकू आलं नाही.

माझ्या जावेचा, शेवंताचा, वामन. अडीच महिन्यांचा.
रोज गुटी, मधात, माझ्याच बोटाने,
कारण माझा हात हलका म्हणून नावाजलेला.
मग शी थांबली.
मग आम्ही जास्त दिली.
मांजरीच्या पिल्लासारखं रडू,
ओल्या चिंधीसारखी मान.
सगळे म्हणाले दृष्ट.
मीठमोहऱ्याही मीच उतरवल्या.

कशाने गेला ते आता कोण सांगणार.
ब्रेंडाला विचारता आलं असतं.
ती चहाचा कप धरून म्हणाली, यात काय आहे, छान लागतंय.
मी म्हटलं, आलं.

संध्याकाळी कोमट पाण्याचा टब.
तळहातावर थोडं तेल, वरून चोळायला. तेवढं चालतं.
बेंबीभोवती घड्याळाच्या काट्यासारखा हात:
एक वळसा, दोन वळसे,
मग पायांची सायकल. हल रे राजा. हल.
हे माझ्या हातांना आधीपासून येत होतं,
फक्त मी त्याला औषध मानत नव्हते.

सातव्या दिवशी पहाटे चारला,
पिवळीधम्मक, थेट पाठीवरून मानेपर्यंत.
मृण्मयी हसता हसता रडली.
मी बेबीग्रो धुतला, नळाखाली, बराच वेळ,
स्वच्छ झाल्यावरही.

मध सर्वांत वरच्या फळीवर आहे.
केदारला टोस्टवर लागतो.
सहाण मागच्या दाराला लावली आहे,
समुद्राच्या वाऱ्याने आपटू नये म्हणून.
मधोमध तिला खळगा पडलाय.
किती वळशांचा, मोजलेलं नाही.