मर्यादवेलीच्या अलीकडे

सुकती लागल्यावर सुरुवात केली.
केळशीच्या पुढची पुळण, रेषा क्रमांक सात:
केवड्याच्या बेटापासून ओल्या कडेपर्यंत
एकशे दहा मीटर.
दाऊद होडेकर दोरी खांद्यावर घेऊन पुढे,
मागे घसरत येणारी रडारची पिवळी पेटी,
तिच्यामागे मी, पडद्यावर ओढणीची सावली धरून.

"होडीएवढी जड नाय," तो म्हणाला,
"पण होडीत मासळी तरी असते."

पेटी वाळूला हाक मारते
आणि ओ यायला किती वेळ लागला
एवढंच मोजते. नॅनोसेकंदांत.
टेकडी आतून दिसू लागते:
तिरके थर, कौलांसारखे
एकमेकांवर टेकलेले, जुने वारे.
मग एक जाड काळी रेघ, सगळी कौलं कापत गेलेली.

दाऊद वाकून बघतो.
"म्हणजे पूर्वी पण खाल्लान दर्यानं?"
"खाल्लं. नंतर परतही दिलं."
"किती वर्षांनी?"
मी वहीत वाऱ्याची दिशा लिहिते.

तुटलेल्या कडेवर मर्यादवेल
मुळं उघडी टाकून लोंबतेय.
तशीच फुललीय, जांभळी.

साठाव्या मीटरला चित्र विझतं.
बिघाड नाही. खारं पाणी आलं
की लहर तिथेच मरते, खालचं काही कळत नाही.
मागच्या डिसेंबरात हे आंधळेपण
बहात्तराव्या मीटरला होतं.
हे मी बोलत नाही. अहवालात जाईल,
तळटिपेसकट.

दुपारी त्याच्या पडवीत
रुकय्याबी कोरा चहा आणते, लिंबू पिळून.
दूध नाही घालत? मी सहज विचारते.
"फाटतं," ती म्हणते, "रमजानपासून.
बावडीला चव आलीय ना."

बावडी माझ्या शून्याच्याही अलीकडे,
चाळीस पावलं.
माझी पेटी सहा मीटर खोल बघते.
बावडी नऊ मीटर.

कप धुवायला ती शेजारून हंडा आणते.
मी उरलेला चहा पिते, तळाशी
साखर न विरघळलेली.

"उद्या कुठून?" दाऊद विचारतो.
मी घराच्या मागे बोट दाखवते,
फणसापलीकडे, गडग्याजवळ.
तो काही म्हणत नाही.
शून्याची खुंटी काखेत मारतो,
हातोडी शोधत
मागच्या दाराने निघतो.