पाचवा कप्पा

सतराव्या महिन्यात गेली.
वॉरंटी अठरा महिन्यांची.
सकाळी किल्ली फिरवली तर
टक्. एवढंच.
डॅशबोर्डावरचं घड्याळही विझलेलं,
बोलता बोलता कुणी उठून जावं तसं.

टाकाळ्याचा उतार म्हणून बरं.
समोरच्या मेसची पोरं, इस्त्रीवाला गजेंद्र,
आणि दुधाची किटली कट्ट्यावर ठेवून
ढोबळेबाईसुद्धा लागल्या मागं.
"सेकंडला टाका! आता सोडा क्लच, सोडा की ओ!"
गाडी खोकली, धरली,
ती न थांबवता थेट शाहूपुरीत नेली.

दुकानात इलाही नावाचा पोरगा.
चिमटे लावले, यंत्रानं चिठ्ठी ओकली:
बॅटरी ठीक. चार्ज करा.
"बघा की काका, मशीन काय खोटं बोलंल व्हय?"
दोन दिवस ठेवून घेतली.
आणली, बसवली, आठवडा गेला.
पुन्हा उतार, पुन्हा ढोबळेबाई, पुन्हा चिठ्ठी:
ठीक. चार्ज करा.
माझा रक्तदाबही असाच,
दवाखान्याची पायरी चढली की शहाणा.

तिसऱ्यांदा लगेच गेलो नाही.
माळ्यावरून डबा काढला.
तेहतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत होतो.
शिक्षक नव्हे, सहायक.
बाटल्यांना लेबलं लावणारा,
फुटलेल्या परीक्षानळ्यांचा हिशेब ठेवणारा.
निरोपाला शाल आणि नारळ त्यांनी दिला,
हायड्रोमीटर मी मागून घेतला.

सहा झाकणं. सहा वेळा रबरी फुगा दाबला.
बाराशे साठ.
बाराशे साठ.
बाराशे पंचावन्न.
बाराशे साठ.
पाचव्यात काचेचा तरंग बुडी मारून बसला,
अकराशे दहा.
सहावा पुन्हा बाराशे साठ.
पाच भावंडं धडधाकट
आणि एक जण, कुणाला न सांगता, पाणी झालेला.
वहीत लिहिलं. तारीख, वेळ, तापमान.
सवय.

कंपनीचे साहेब सांगलीहून येतात, गुरुवारी.
पहिल्या गुरुवारी आले नाहीत.
दुसऱ्या गुरुवारी हातकणंगल्याजवळ
त्यांचीच मोटारसायकल बंद पडली. मी हसलो नाही.
मग कुठलीशी मीटिंग, मग कुणाचं तरी लग्न.
शेवटी भेटले. साहेब कसले,
कुरुंदवाडे आडनावाचा तिशीतला मुलगा,
कपाळावर हेल्मेटचा वळ.
बॅटरी मी रिक्षातून मांडीवर आणलेली,
पँटीला आम्लाचं एक भोक, तेही दाखवलं.

वही पुढं केली. त्यानं नीट वाचली,
बोट आकड्यांवरून फिरवत पाचव्यावर थांबला.
मग विचारलं, "झाकणं कुणी उघडली?"
"मी."
"मग वॉरंटी गेली, काका. आणि तसाही
आज एकोणिसावा महिना."
"मी सतराव्यात आलो होतो."
"नोंद?"
इलाहीनं रजिस्टर चाळलं. नोंद नव्हती.
माझ्याकडं होत्या ना दोन चिठ्ठ्या!
खिशातून काढल्या, उलगडल्या.
कोऱ्या. दोन्ही कोऱ्या.
तो कागद म्हणे उष्णतेनं लिहितात,
आणि खिशातल्या उबेनं तो स्वतःलाच पुसतो.
'ठीक' हा शब्दसुद्धा टिकला नव्हता.

भांडलो नाही असं नाही.
आवाज इतका चढला की पलीकडचा चहावाला
गाळणी हातात घेऊन बघायला आला.
मग इलाही, मान खाली घालून,
भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट उतरवून आणतो,
दोन पानं मागं उलटतो.
एका चौकोनात पेन्सिलीनं:
"टाकाळा काका, परत."
कुरुंदवाडेनं त्याचा फोटो काढला.
"पाठवतो वर. बघू काय म्हणतात."

काय म्हणतात ते अजून कळलेलं नाही.
गाडी उताराकडं तोंड करून उभी असते,
चाकाखाली वीट.
संध्याकाळी ढोबळेबाई फाटकातून विचारतात,
"उद्या ढकलायची हाय का?
न्हाईतर मी सातला पाणी भरून घेते."