पर्जन्यवही

ओबदुलियाच्या वहीत जूनपासून शून्यं आहेत.
रोज सकाळी आठला ती गच्चीवर जाते,
चष्मा पुसते, पर्जन्यमापकाच्या नळीत डोकावते.
आत बहुतेकदा एक मुंगी.
मुंगीसाठी वहीत रकाना नाही.

औषधाचं दुकान विकून नऊ वर्षं झाली,
हात अजून तोच :
शून्य, शून्य, शून्य,
गोळ्या मोजून पुडीत टाकाव्यात तसं.

खाली नदी. म्हणजे नदीची जागा.
आम्ही तिला रांब्ला म्हणतो आणि तिच्यात मोटारी लावतो.
गुरुवारी तिथं बाजार भरतो,
खारवलेले ऑलिव्ह, नायलॉनचे मोजे,
पिंजऱ्यातल्या कोंबड्या.
मी सायकल तिथंच शिकले.
गुडघ्यावरचा हा व्रण नदीचा,
पाण्याचा थेंबही न लागता झालेला.

लिंबाच्या बागांनी पानं मुडपून घेतलीत.
बातिस्तची पाणपाळी मंगळवारी, पहाटे तीनला, चौदा मिनिटं.
तो बॅटरी घेऊन जातो, पाटाचं दार उचलतो,
आणि पाणी आळ्यात शिरताना
त्याच्याशी काहीबाही बोलतो.
पंधराव्या मिनिटाला अंधारातून एलिसेउ खोकतो.
भांडण नाही. नुसतं खोकतो.
बातिस्त दार टाकतो.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला वाळवंटावरून धूळ आली,
आणि धुळीतून सात-आठ थेंब,
मोटारींच्या काचांवर तपकिरी ठिपके.
ओबदुलियानं लिहिलं : अमोज.
म्हणजे पडला, पण मोजण्याइतका नाही.
मी हसले, तर म्हणाली, जे पडलं
त्याला शून्य म्हणायचं नाही. तसा नियम आहे.

समुद्र मात्र अजून उन्हाळ्यातच होता.
पाय घातला तर कोमट, विसरून ठेवलेल्या दुधासारखा.
मग पूर्वेचा वारा सुटला.

रात्री आधी आवाज आला तो दगडांचा.
पाणी नंतर, मातकट, खांद्याइतकं,
गुरुवारच्या बाजारासारखं गजबजलेलं.
मोटारी जागच्या उठल्या,
दिवे आपोआप लागलेले,
एकमेकींना ढकलत निघाल्या समुद्राकडे,
जणू सगळ्यांनाच उशीर झाला होता.

ओबदुलिया छत्री धरून गच्चीवर.
नळी भरली, वाचली, ओतली. दीड वाजता.
पुन्हा दोन वाजून दहाला. पुन्हा पावणेतीनला.
कागद भिजला म्हणून आकडे मनगटावर.
चौथ्यांदा हात पुढे केला
तेवढ्यात खालून बातिस्तची हाक आली,
खिडकीच्या गजाला धरून लटकलेल्या माणसाची हाक,
आणि ती नळी तशीच सोडून जिना उतरली.
दोन चादरी, एक पडद्याची दोरी, आम्ही तिघी.
आला वर. एका पायात बूट.

सकाळी नळी काठोकाठ. वर लिंबाचं एक पान.
किती वाहून गेलं, कोण सांगणार?
तिनं मनगटावरची बेरीज केली,
दोनशे अकरा लिहिलं,
आणि आकड्याआधी, कधी न वापरलेला शब्द : किमान.

जानेवारीत वेधशाळेचं पत्र आलं.
नोंदींबद्दल आभार. सरत्या वर्षी
आपल्या ठाण्यावरचा पाऊस सरासरीइतका.
तिनं ते दोनदा वाचलं,
घडी घालून वहीत ठेवलं, शून्यांच्या बाजूला.
भिंतीवर चिखलाची रेघ आहे,
माझ्या हनुवटीच्या जरा वर.

पाट तीन ठिकाणी फुटलाय.
पुन्हा पाऊस नाही, लिंबं पुन्हा तहानलेली,
तरी मंगळवारी बातिस्त गेलाच, बॅटरी घेऊन.
मीही गेले, त्याचा पाय अजून धड नाही म्हणून.
त्यानं दार उचललं. खाली भेगाळलेला गाळ.
आम्ही चौदा मिनिटं उभे राहिलो.

पंधरावं मिनिट आलं.
कुणी खोकलं नाही.
बातिस्तनं दार उघडंच ठेवलं.