अंदाजे

आज ओहोटी सहा पन्नासला.
सोसायटीच्या वॉचमनला वाटतं, मी फिरायला जातो.
वाटू दे.
ऐरोलीत, दिवा गावच्या जेट्टीवर आम्ही सहा जण:
सुभेदार इंगवले, ज्यांना पाठीमागे दार असलेली खुर्ची चालत नाही,
धनावडे, जो तीन वर्षं बोलला नाही आणि आता थांबत नाही,
मी, डावा कान गेलेला.
बाकीचे नाव सांगत नाहीत, चहा घेतात.

पहिल्या खेपेला मी होडीतून उतरलोच नव्हतो.
तिवरांखाली चिखलातून वर आलेली ती बोटं,
शेकडो, पेन्सिलीएवढी.
जमिनीतून असं काय वर येतं, मला माहीत होतं.
ऋजुता म्हणाली, श्वासमुळं आहेत काका,
झाड यांतून श्वास घेतं.
असेल, म्हटलं,
आणि होडीची कड धरून बसलो भरती येईस्तोवर.
हसूरामनं एकदाही घड्याळ पाहिलं नाही.
फक्त एक निवटी दाखवली,
डोळे डोक्यावर, पोट घासत चिखलातून चाललेली.
"पान्यान पन नाय, जमिनीव पन नाय," म्हणाला,
"तरी जगते."

आता उतरतो. मुळं चुकवत,
एक पाऊल, मग दुसरं.
आणि मोजतो.
पद्धत अशी की दुर्बिणीत दहा पक्षी धरायचे,
दहांची जागा डोळ्यात ठेवायची,
मग तेवढाच तुकडा पुढे पुढे मांडत जायचं
साडीच्या निऱ्या घालतात तसं.
पुस्तकात यांना रोहित म्हणतात.
हसूराम फ्लेमिंगोच म्हणतो.
मागे पूल, टॉवरच्या तारा,
रबाळ्याच्या कुठल्यातरी कंपनीचा भोंगा.
दहा. वीस. तीस.

मोजणं मला नवं नाही.
एकवीस वर्षं रोज संध्याकाळी मोजलं,
माणसं, काडतुसं, कांबळी.
एका संध्याकाळी सत्तावीस हवे होते
तर सव्वीस.
पुन्हा मोजले. सव्वीस.
तेव्हापासून थांबलेलो नाही:
जिन्याच्या पायऱ्या, कुकरच्या शिट्ट्या,
झोपलेल्या कुमुदिनीचे श्वास.
सव्वीस झाले की पुन्हा एकपासून.

मागच्या खेपेला पुलावर ट्रकचा टायर फुटला.
मी चिखलात उपडा,
शेजारी इंगवले, त्यांच्यावर आडवा धनावडे.
तोंडात खारट गाळ.
आणि डोक्यावरून सगळी खाडी उठून गेली,
काळी, लाल, पुन्हा काळी.

मान वर केली तेव्हा ते एक घिरटी घेऊन
त्याच पाण्यात उतरत होते,
पाय लांबवत, ओशाळल्यासारखे.
माना खाली घालून खायला लागले,
जसं काही झालंच नाही.
नाही, झालं होतं.
पण भूकही होती.
धनावडे आधी हसला. मग सुभेदार,
दातांत चिखल, शिव्या देत.

मोजणी मोडली होती. मी पुन्हा मोजलं.
ऋजुताला म्हटलं, मघाशी चारशे सत्तर होते,
आता चारशे साठ.
दहा कमी आहेत.
दहा कमी आहेत, ऐकतेयस ना?
माझा आवाज कसा निघाला कोण जाणे,
तिनं वहीतून डोकं वर काढलं.
"असतील काका दुसऱ्या पाण्यात,
भांडुपच्या बाजूला, नाहीतर नेरुळला,"
आणि रकान्यात लिहिलं:
अंदाजे साडेचारशे.

अंदाजे.
एकवीस वर्षांत हा शब्द
मला कुणी लिहू दिला नव्हता.

काल रात्री जाग आली.
बाल्कनीतल्या बुटांचा चिखल अजून वास मारत होता,
कुमुदिनी रागावली होती त्यावरून.
तिचे श्वास मोजले. चोवीस, पंचवीस, सव्वीस.
पुढचा आला, मी तो मोजला नाही.
वारंग, तुला मी गेलेला पाहिला आहे,
दुसरं पाणी वगैरे नाही, ते मला कळतं.
तरी रकाना तसाच मोकळा ठेवला
आणि कूस बदलली.

पुढची खेप पंधरवड्यानं.
किती वाजता, विचारलं.
हसूराम पाण्याकडे बघत म्हणाला,
"सातच्या आसपास."