एक पाटा जास्त

खंडवा नाक्यावर आमचं दुकान, पांचाळ कमानीवाले.
लोखंड तापवायचं, वाकवायचं, तेलात विझवायचं,
एवढंच येतं मला.
गेंदालालनं मॅजिक आणून लावली. म्हणाला,
भिया, मागून फार बसते, एक पाटा वाढव.
कागदावर सात सिटा.
किती भरतोस?
हसला. हाट असेल तसं.

मी पाटा चढवला, बोल्ट आवळले.
गाडी मागून चार बोटं वर आली.
त्यानं पैसे दिले, वर एक कचोरी.

कार्तिकात मावशीचा तेरावा, बडवाहला.
इंदूरहून शेवटची बस चुकली.
गेंदालालनं ओळखलं, स्वतःच्या सीटचा अर्धा भाग दिला,
गिअरची दांडी माझ्या गुडघ्यांमध्ये.
मागे मोजत गेलो. सोळा.
मग कुणाच्या तरी पदराखालून एक रडलं, म्हणजे सतरा.
टपावर लसणाची पोती,
पोत्यांवर विडी ओढणारा एक म्हातारा,
तो मोजायचा राहिलाच.

सिमरोल गेलं. भेरूघाटाचा उतार लागला.
मी कान लावला, सवयच आहे.
कमान बोलत नव्हती.
एवढ्या ओझ्याखाली जुनी कमान कण्हली असती,
खड्ड्याखड्ड्याला कुरकुरली असती,
एखादी बाई म्हणाली असती, हळू रे बाबा.
आता सगळे गप्प. पोरं पेंगत होती.
गाडीची तक्रार मीच बंद केली होती
साडेसातशे रुपयांत.

पाटा वाढला होता. ब्रेक तेवढाच.
गेंदालालचा पाय तळाला टेकलेला मी पाहिला,
आणि वळण आलं तरी गाडी सरळच जाऊ बघत होती,
वरच्या लसणाच्या ओढीनं.
जळक्या लायनरचा वास.
डावीकडचा आरसा कठड्याला घासला,
काचेवर चुना राहिला.

भेरूबाबापाशी थांबलो. त्यानं चाकांवर पाणी ओतलं,
चर्रर्र झालं.
ओट्यावर दहाची नोट ठेवून मला म्हणाला,
कमान मस्त बनवलीस भिया, वजनाचा पत्ताच लागत नाही.

मी तिथे उतरलो नाही.
हे लिहून ठेवतो, कारण लोकांना सांगताना
मी उतरलो असं सांगतो.

संक्रांतीनंतर तो पुन्हा आला. अजून एक पाटा.
मी म्हटलं, माल नाही.
त्याच्या पाठीशी भिंतीला अकरा पाटे टेकून उभे होते.
वळून त्यानं पाहिले. काही बोलला नाही.
शेजारच्या दुकानात गेला,
तिथे पन्नास कमी घेतात.

संध्याकाळी त्याची गाडी दारावरून गेली,
माणसं दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली,
आणि आवाज कसला तो नाही.
भरल्या घागरीला नसतोच म्हणतात.
मी ऐरणीवर हातोडा मारला,
खाली लोखंड नव्हतं,
नुसताच मारला, दोनदा,
काहीतरी वाजावं म्हणून.